लायडनचा हंडा



गेल्या जुलै महिन्यातील गोष्ट. तीन दिवस संततधार लागली होती, ओहोळांवरील साकव पाण्याखाली गेले होते आणि नववीच्या वर्गात जेमतेम अकरा मुले आली होती. अशा दिवशी पाठ पुढे रेटणे म्हणजे न आलेल्यांवर अन्याय. म्हणून आम्ही पुस्तक मिटले आणि एक गोष्ट सांगितली. हॉलंड देशातील लायडन नावाच्या नगरीला शत्रूचा वेढा पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, अखेर शत्रू रातोरात पळाला आणि एका पोरक्या मुलाला शत्रूच्या ओसाड छावणीत चुलीवर तसाच राहिलेला एक हंडा सापडला. त्या हंड्यात गाजर, कांदा आणि बटाटा एकत्र शिजवून कुस्करलेले ऊनऊन अन्न होते. त्या अन्नाची आठवण म्हणून लायडनचे लोक आजही दरवर्षी ३ ऑक्टोबरला तोच पदार्थ करून खातात.

गोष्ट रंगली. बाहेर पाऊस, आत भुकेल्या नगरीची कथा आणि शेवटी वाफाळणारा हंडा. मुले खूष झाली, आम्हीही खूष झालो. एवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. "सर, बटाटा अमेरिकेतून आला असे तुम्हीच भूगोलात सांगितले होते. हा वेढा कोणत्या साली पडला?" आम्ही म्हणालो, "१५७४ साली." ती म्हणाली, "मग तेवढ्यात बटाटा त्या हंड्यात कसा पोचला?"

आम्ही "उद्या सांगतो" असे उत्तर दिले. शिक्षकाच्या 'उद्या'चा अर्थ विद्यार्थ्यांना पुरता ठाऊक असतो. परंतु हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. त्या मुलीचे म्हणणे खरे होते आणि आम्ही वर्गात जे सांगितले ते चुकीचे होते. चूक वर्गात झाली खरी, पण ऐकणारी अकरा मुले ती घरोघर घेऊन गेली असणार. तेव्हा तिची दुरुस्तीही चारचौघांत व्हावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. शिवाय तो पदार्थ आम्ही स्वतः करून पाहिला. त्याची हकीकतही सांगावयाची आहे.

प्रथम इतिहास. सोळाव्या शतकात आजचे नेदरलँड्स स्पेनच्या राजाच्या, म्हणजे दुसऱ्या फिलिपच्या, अमलाखाली होते. कर, धर्म आणि स्वायत्तता या तिन्ही कारणांनी तेथे बंडाळी माजली आणि ऑरेंजचा विल्यम हा तिचा पुढारी झाला. लायडन हे लोकरी कापडाच्या व्यापाराचे गाव बंडवाल्यांच्या बाजूस गेले. स्पॅनिश सैन्याने त्यास एकदा वेढा घातला, मध्येच उठवला आणि २६ मे १५७४ रोजी पुन्हा आवळला. पहिला वेढा उठल्यानंतरच्या मधल्या काळात गावाने धान्याचा पुरेसा साठा करून ठेवला नव्हता. ही हयगय फार महाग पडली. उन्हाळा संपता संपता धान्य संपले. मग कुत्री, मांजरे, झाडांचा पाला यांवर पाळी आली. भुकेपाठोपाठ प्लेग आला. त्या काही महिन्यांत गावातील सुमारे सहा हजार माणसे दगावली असावीत, असा अंदाज केला जातो. म्हणजे दर तीन माणसांतील एक. धातूचा तुटवडा पडल्यामुळे गावाने जुन्या धर्मग्रंथांचे कागद एकमेकांवर दाबून त्यांची नाणी पाडली होती. बाहेरचा निरोप आत येई तो कबुतरांच्या पायाला बांधून.

गावाला सोडवण्याचा उपाय मोठा विलक्षण होता. हॉलंडची बरीचशी जमीन समुद्रसपाटीहून सखल. बांध घालून समुद्राला बाहेर थोपवलेले. गोव्यातील मुलांना हे निराळे समजावून सांगावयास नको. आपल्या खाजण शेतांचे बांध आणि मानशी आठवा, म्हणजे झाले. विल्यमने ते बांधच फोडावयास लावले. स्वतःच्या हाताने स्वतःची शेते बुडवून त्या पाण्यावरून गलबते गावापर्यंत न्यावयाची, हा बेत. पण ऑगस्टात बांध फुटले तरी पाणी पुरेसे चढेना. सपाट बुडाची गलबतेदेखील चिखलात रुतून बसली. कित्येक आठवडे गावकरी तटावर उभे राहून दूरची शिडे पाहत राहिले. अखेर वादळ झाले, वारा फिरला, समुद्राचे पाणी आत लोटले आणि २ ऑक्टोबरच्या रात्री वाढत्या पाण्याला भिऊन स्पॅनिश सैनिक लामेनस्खान्स नावाच्या ठाण्यातून निघून गेले. त्याच रात्री गावाच्या तटाचा एक भाग कोसळला आणि त्या आवाजाने ते अधिकच घाबरले, असे सांगतात. ३ ऑक्टोबरच्या सकाळी अॅडमिरल बोआसोची गलबते हेरिंग मासा आणि पांढरा पाव घेऊन गावात शिरली.

येथवरचा भाग इतिहासाचा. यापुढे दंतकथेची हद्द लागते आणि आम्ही त्या दिवशी वर्गात नेमके येथेच पाऊल चुकलो. कॉर्नेलिस योप्पेनझोन नावाचा एक अनाथ मुलगा पहाटे ठाण्यात शिरला आणि त्याला तो हंडा सापडला, अशी कथा आहे. लायडनच्या दे लाकेनहाल या संग्रहालयात तो म्हणून एक धातूचा हंडा जपून ठेवलेला आहे. हाच तो हंडा काय, हे आम्ही शपथेवर सांगणार नाही. नगराध्यक्ष व्हान डेर वेर्फ याने भुकेल्या जमावापुढे आपला दंड पुढे करून "हा तोडून खा, पण गाव शत्रूच्या हाती देणार नाही" असे उद्गार काढले, अशीही एक कथा तेथे प्रसिद्ध आहे. तीही वाचावी ती याच सावधपणाने. अशा कथा खोट्याच असतात असे नव्हे. पण ज्या पिढीने उपासमार पाहिली ती पिढी आपल्या नातवंडांना जे सांगते, त्यात आकड्यांपेक्षा हंडा आणि दंड हेच ठळकपणे उरतात.

आता बटाटा. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. स्पेनच्या लोकांनी तो युरोपात आणला; त्याच्या खरेदीच्या स्पेनमधील सर्वांत जुन्या नोंदी १५७० च्या दशकातल्या आहेत. म्हणजे लायडनला वेढा पडला तेव्हा बटाटा युरोपात नुकताच पाय टेकत होता. हजारो सैनिकांच्या छावणीत रोजच्या अन्नात तो असण्याचा संभव जवळजवळ नाही. त्या हंड्यात गाजर, कांदा, मांस आणि पार्सनिप असावे, असा जाणत्यांचा कयास आहे. पार्सनिप म्हणजे गाजराच्या कुळातील एक पांढरे, गोडसर कंदमूळ. आपल्याकडे ते बाजारात सहसा दिसत नाही. बटाटा अंगवळणी पडण्यापूर्वी उत्तर युरोपातील गरिबांची पोटे त्याने आणि सलगमाने भरली. बटाट्याने पार्सनिपची जागा घेतली ती पुष्कळ नंतर, अठराव्या शतकात. आमच्या गोष्टीत बटाटा शिरला तो असा, दीडदोनशे वर्षे आधीच. गाजराचीही तीच कथा. आज आपण जे नारिंगी गाजर पाहतो ते डच माळ्यांनी पुढे निवडून निवडून रूढ केलेले आहे. त्या हंड्यातली गाजरे बहुधा पिवळट, पांढुरकी वा जांभळी असतील. ऑरेंजच्या विल्यमचा मान राखावा म्हणून गाजराला नारिंगी केले, असे कित्येक पुस्तकांत छापलेले आढळते. त्यास पुरावा नाही. तेव्हा विद्यार्थ्यांनी तेवढे वाक्य वहीत उतरून घेऊ नये.

गंमत अशी की, बटाटा लायडनला पोचवण्याशी ज्याचा संबंध आला त्या माणसाचा आपल्या गोव्याशीही धागा जुळतो. कारोलुस क्लूसियस हे त्याचे नाव. तो मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ. १५८८ साली व्हिएन्नात असताना त्याला बटाट्याचे दोन कंद भेट मिळाले. त्याने ते लावले, वाढवले, मित्रांना वाटले. १५९३ साली तो लायडनला आला आणि तेथील विद्यापीठाच्या नव्या वनस्पती-उद्यानाचा प्रमुख झाला. (हे विद्यापीठ वेढ्यानंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी १५७५ मध्ये, विल्यमने स्थापन केले. गावाने जे सोसले त्याचे ते बक्षीस होय.) १६०१ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात क्लूसियसने बटाट्याचे वर्णन केले. आणि त्याच क्लूसियसने १५६७ साली गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथाचा लॅटिनमध्ये सारानुवाद प्रसिद्ध केला होता. गार्सिया द ओर्ता म्हणजे ज्याच्या नावाचे उद्यान पणजीत चर्चसमोर आहे, तोच. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ गोव्यातच १५६३ साली छापला गेला. आपल्या आंब्याची, जायफळाची, हिंगाची माहिती युरोपच्या विद्वानांना लॅटिनमधून देणारा हात आणि हॉलंडच्या मातीत बटाटा रुजवणारा हात एकच होता, हे आम्हांला ज्या दिवशी उमगले त्या दिवशी त्या मुलीचे मनोमन आभार मानले.

आणखी एक धागा दुःखाचा आहे. लायडनला वेढा घालणारा दुसरा फिलिप १५८० नंतर पोर्तुगालचाही राजा झाला आणि त्यामुळे गोव्याचाही. स्पेनशी लढणाऱ्या डचांचे शत्रुत्व अशा रीतीने मांडवीच्या मुखापर्यंत आले. यान हुयखन व्हान लिन्सखोटेन नावाचा डच तरुण १५८३ साली गोव्यास येऊन पाच वर्षे आर्चबिशपच्या पदरी राहिला आणि परत जाऊन त्याने जे पुस्तक लिहिले (१५९६) त्यामुळे डच गलबतांना पूर्वेची वाट सापडली. सतराव्या शतकात त्यांनी गोव्याच्या बंदराची वर्षानुवर्षे कोंडी केली आणि वेंगुर्ल्यास वखार घातली. तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. शाळेची सहल तिकडे जाईल तेव्हा पाहाव्यात. ज्यांच्या आजोबांनी कोंडी सोसली होती तेच आता दुसऱ्यांची कोंडी करू लागले होते.

कोंडी म्हटले की आम्हांला आमची आजी आठवते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारत सरकारने पोर्तुगीज अमलाखालील गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. घाटावरून, बेळगावहून येणारी भाजी बंद झाली. तेव्हा गोव्याच्या बाजारात तांदूळ, कांदे आणि बटाटे जहाजांतून येऊ लागले आणि ते बटाटे चक्क हॉलंडचे होते. आजी तेव्हा सोळासतरा वर्षांची असेल. "विलायती बटाटे दिसायला गोरे, पण रश्शात घातले की विरघळून जात, फोड हाती लागत नसे," अशी तिची तक्रार असे. आम्ही लहानपणी ही तक्रार शंभरदा ऐकली आणि शंभरदा हसलो. परंतु ती किती अचूक होती हे स्वयंपाकघरात उभे राहिल्यावर कळले. तेथे आता वळावयाचे आहे.

त्या पदार्थाचे नाव 'हुत्स्पॉट'. 'हुत्स' म्हणजे ढवळून, हलवून एकत्र करणे आणि 'पॉट' म्हणजे हंडा. अशाच प्रकारे बटाट्यात दुसरी भाजी कुस्करून केलेल्या पदार्थांना डच लोक 'स्टाम्पॉट' हे सर्वसाधारण नाव देतात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर बटाटा आणि सलगमाचे कूळ यांचे असेच मिश्रण होते. स्वीडनमध्ये तीत गाजरही पडते. थंड मुलुखात जमिनीखाली जे टिकते ते हिवाळ्यात हंड्यात जाते, एवढाच यामागील नियम.

साहित्य थोडे. चारपाच माणसांसाठी पाऊण किलो बटाटे, अर्धा किलो गाजरे, पाव किलो कांदे, सुमारे पन्नास ग्रॅम लोणी, अर्धी वाटी दूध, मीठ आणि मिरपूड. डच घरांत गाजराचे प्रमाण बटाट्याइतकेही ठेवतात. आम्हांला ते गोड वाटले. गाजराच्या जाडसर चकत्या आणि कांद्याच्या मोठ्या फोडी पातेल्याच्या तळाशी घालाव्यात, त्या जेमतेम बुडतील इतके पाणी व मीठ घालावे आणि झाकण ठेवून दहा मिनिटे उकळू द्यावे. मग सोललेल्या बटाट्यांच्या मोठ्या फोडी वर रचाव्यात. त्या पाण्यात बुडावयास नकोत. वाफेवर शिजल्या तर उत्तम. आणखी वीस मिनिटांनी सुरी सहज आरपार जाऊ लागली की पाणी एका वाटीत निथळून घ्यावे. फेकू नये. पातेले पुन्हा मंद आचेवर दोन मिनिटे उघडे ठेवून ओल उडवावी आणि मग गरम असतानाच कुस्करावे. लोणी प्रथम, गरम दूध मागाहून. घट्ट वाटल्यास ते निथळलेले पाणी आहेच.

गाजर आधी का, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला विचारण्याजोगा आहे. वनस्पतींच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटलेल्या असतात. विटांमध्ये चुना असतो तसे समजा. उकळत्या पाण्यात हा चुना सुटू लागतो आणि भाजी मऊ पडते. बटाट्यात तो लवकर सुटतो, गाजरात सावकाश. शिवाय बटाट्याच्या पेशींत पिष्टाचे कण ठासून भरलेले असतात. सुमारे साठ ते सत्तर अंश सेल्सियसला ते पाणी पिऊन फुगतात आणि पेशी आतून ताणल्या जातात. गाजरात पिष्ट नाममात्र. म्हणून दोन्ही एकाच वेळी पातेल्यात टाकली तर बटाट्याचा चिखल होतो आणि गाजर दाताखाली करकरते. आंबट पदार्थाने पेक्टिन सुटण्यास आणखी उशीर लागतो. यास्तव आमसूल, चिंच किंवा टोमॅटो घालण्याचा मोह असेल तर तो भाजी शिजेपर्यंत आवरावा.

आता आमची फजिती. पहिल्या खेपेस आम्ही पाट्यावरवंट्याच्या काळातील माणसांसारखे हाताने कुस्करण्याऐवजी ते सारे मिक्सरच्या भांड्यात घातले. अर्ध्या मिनिटात त्याचा असा काही चिकट, तार सुटणारा गोळा झाला की चमचा उभा राहावा. आई स्वयंपाकघरात आली, तिने बोट लावून पाहिले आणि विचारले, "हें खावपाक काय पतंग चिकटावपाक?" खावयाचे की पतंग चिकटवावयाचे, हा तिचा प्रश्न शास्त्रीय दृष्ट्याही योग्यच होता. हलक्या हाताने कुस्करले तर शिजलेल्या बटाट्याच्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण फुटत नाहीत. फुगलेले पिष्ट ज्याच्या त्याच्या कोठडीत राहते आणि लगदा हलका, रवाळ होतो. मिक्सरचे पाते पेशींच्या भिंतीच कापते. पिष्ट बाहेर सांडते आणि जी तयार होते ती शुद्ध खळ. झालेली खळ परत लगदा होत नाही. आम्ही त्यात बेसन आणि हिरवी मिरची घालून भजी तळली. दुसऱ्या खेपेस पावभाजीवाल्याच्या हाती असते तसली घोटणी घेतली. तीही नसेल तर डाळ घोटावयाची लाकडी रवी चालते.

येथेच आजीच्या तक्रारीचा उलगडा होतो. काही बटाटे पिठूळ असतात, काही चिवट. पिठूळ बटाट्यात पिष्ट अधिक. तो शिजला की भुसभुशीत होतो, रश्शात विरघळतो, पण कुस्करावयास तोच हवा. चिवट बटाट्यात पाणी अधिक. त्याची फोड रश्शात शाबूत राहते, पण त्याचा लगदा गिळगिळीत होतो. हॉलंडहून आलेले बटाटे पिठूळ जातीचे असावेत आणि आजी त्यांना रश्शात घालीत होती. बटाट्याचा दोष नव्हता आणि तिचाही नव्हता. पारख करण्यासाठी सोपी कसोटी आहे. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवून त्यात बटाटा सोडावा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर चिवट. कारण पिष्ट पाण्याहून जड. बाजारात उभे राहून हे करता येत नाही, हे मान्य. सामान्यतः नवा, पातळ सालीचा, नखाने साल सुटणारा बटाटा कुस्करावयास घेऊ नये. जुना, जाड सालीचा घ्यावा. शीतगृहातून आलेला बटाटा कधी कधी गोडसर लागतो, कारण थंडीत त्यातील काही पिष्टाची साखर होते. तो चारसहा दिवस बाहेर ठेवून मग वापरला तर बरा. हिरवा पडलेला भाग मात्र निर्दयपणे कापून टाकावा, फारच हिरवा असेल तर सबंध बटाटाच टाकावा. त्यातील सोलानिन हे विषारी द्रव्य उकळून जात नाही.

गाजराऐवजी आपल्याकडील कंद चालतील काय, असे कित्येकांनी विचारले. आम्ही काही प्रयोग केले. रताळी, म्हणजे आमच्या कोंकणीतील कणगां, गाजरासोबत घालू नयेत; गोडावर गोड होते. नुसत्या बटाट्यात एक तृतीयांश रताळे आणि भरपूर मिरपूड घातल्यास मात्र छान लागते. माडी उत्तम मिळून येते, तिचा लगदा लोण्यासारखा होतो. सुरण आणि माडी यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून ते वेगळे, आमसुलाच्या पाण्यात पूर्ण शिजवून निथळावे आणि मगच एकत्र करावे. बीट घातले तर सारा हंडा किरमिजी दिसतो, चव बिघडत नाही. मुळा घालू नये. का, ते एकदा घालून पाहणाऱ्यास कळेल. तसे पाहिले तर गणेशचतुर्थीला आपल्या घरांत खतखते होते, त्यात यांतील बहुतेक सारे कंद तेफळाच्या वासासह एकत्र नांदतातच. फक्त आपण ते कुस्करीत नाही.

पोषणाच्या दृष्टीने थोडे. गाजरातील कॅरोटिन शरीरात शोषले जाण्यास स्निग्ध पदार्थ लागतो. लोण्याचे काम केवळ चवीचे नाही. बटाट्यात क जीवनसत्त्व असते, ते पाण्यात उतरते. म्हणूनच ते निथळलेले पाणी फेकू नये असे वर म्हटले.

लायडनच्या लोकांना हे पाणी फेकू नये असे कोणी सांगावे लागत नसे, असे दिवस त्यांच्यावर पुन्हा एकदा आले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडची अन्नाची वाट रोखली. माणशी रोजचे अन्न हजार उष्मांकांच्याही खाली गेले. बटाटेही संपले तेव्हा लोकांनी साखरेचे बीट आणि ट्यूलिपच्या फुलांचे कंद उकडून, कुस्करून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसे त्या हिवाळ्यात मृत्यू पावली. ट्यूलिपची हॉलंडमध्ये लागवड वाढण्यास आरंभ झाला तो लायडनच्याच उद्यानातून, आणि ते कंद तेथे लावणारा होता क्लूसियस. बटाट्याबरोबर त्याने फुले लावली होती. साडेतीनशे वर्षांनी लोकांना ती फुले खावी लागली.

असो. गेल्या ३ ऑक्टोबरला आम्ही नववीच्या वर्गासाठी शाळेतच हा हंडा चढवला. गांधीजयंतीच्या दुसऱ्या दिवशी मुलांची उपस्थिती बेताची असते. तरी अडतीस मुले होती. पाच किलो बटाटे, साडेतीन किलो गाजरे, दोन किलो कांदे. सोलण्याचे काम मुलग्यांकडे दिले, त्यांनी अर्धा बटाटा सालीबरोबर उडवला. डच घरांत याबरोबर सावकाश शिजवलेले गोमांस खातात, तर त्या दिवशी सकाळी लायडनमध्ये हेरिंग आणि पांढरा पाव फुकट वाटतात. आम्ही शाळेत पावावर भागवले. (घरी मात्र तळलेल्या बांगड्याबरोबर खाऊन पाहिला आणि हेरिंगची उणीव भासली नाही.) प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीच्या पानात पहिला चमचा पडला. तिने तो खाल्ला, थोडे मीठ मागून घेतले आणि म्हणाली, "सर, बटाटा नसता तर हे पातळ झाले असते." तेही खरेच आहे. गाजर-कांदा-पार्सनिपचा तो मूळ हंडा कुस्करलेला नसून मांसाच्या रश्शातील फोडींचाच असला पाहिजे.

उरलेला गोळा थंड झाल्यावर घट्ट होतो. त्याच्या वड्या थापून, रव्यात घोळवून, तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस भाजाव्यात. निथळलेले पाणी आम्ही त्या संध्याकाळी डाळीच्या आमटीत घातले. गाजरामुळे ती जराशी गोडसर झाली. आईने पहिल्या घासालाच ओळखले.